चौथं भोक

फळीला खाली पाय नकोत आणि टेकूही नकोत, ही अट मुंगीची होती. मुंगी नऊ महिन्यांची. तिला अजून बोलता येत नव्हतं, पण घरात चालायचं तिचंच. खुर्चीचा पाय दिसला की ती तो धरून उभी राहायची, कापडाचं टोक दिसलं की ओढायची, आणि जमिनीवर सांडलेला साखरेचा एक दाणा तिला पलीकडच्या खोलीतून कळायचा. म्हणून तर तिचं नाव मुंगी पडलं. तिच्या औषधांच्या बाटल्या, थर्मामीटर, नखं कापायची इवलीशी कात्री हे सगळं खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसलं होतं. परवा तिने पडदा ओढला आणि खोकल्याची बाटली तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर येऊन फुटली. मुंगी हसली. आई गुडघ्यांवर बसून काचा वेचत राहिली.

तेव्हा फळी हवी ती भिंतीतून नुसती उगवलेली. धरायला काही नाही, चढायला काही नाही, डोकं आपटायला कंगोरा नाही. बघणाऱ्याने म्हणावं, ही पडत कशी नाही?

नवऱ्याला सांगून सात महिने झाले होते. तो नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. तो 'या रविवारी' म्हणायचा, आणि रविवार बिचारा यायचा, जेवायचा, झोपायचा आणि निघून जायचा. एकदा त्याने कामावरच्या मित्राकडून बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आणलं. फळीचं निम्मं काम झालं अशा थाटात ते कपाटावर ठेवलं, आणि तिथे त्यावर धूळ बसली. शेवटी ती म्हणाली, मीच करते. तो म्हणाला, कर, पण घर उभं राहील एवढी भिंत शिल्लक ठेव.

तिला हे काम अगदीच परकं नव्हतं. तिचा मामा सुतार. शाळेला सुट्टी लागली की तिची रवानगी मामाकडे व्हायची आणि मामी तिला भुशात लोळलेली मांजर म्हणून घरात घ्यायची नाही. त्यामुळे तिला ठाऊक होतं की अशी तरंगती फळी म्हणजे मुळात फळी नसतेच. ती एक चपटी, पोकळ पेटी असते, मागून उघडी. भिंतीवर आधी एक जाड लाकडी पट्टी स्क्रूने घट्ट बसवायची आणि मग पेटी त्या पट्टीवर मोज्यासारखी चढवायची. पट्टी झाकली जाते, फळी हवेत राहिल्यासारखी दिसते, आणि सगळा भार असतो तो कुणाला न दिसणाऱ्या पट्टीवर.

प्लायवूड तिने कोपऱ्यावरच्या वखारीतून मापाने कापून आणलं. वखारवाला म्हणाला, साहेबांना पाठवा, मी समजावतो. ती म्हणाली, साहेबांना समजावण्यात सात महिने गेले, तुम्ही कापा. पुढचे आठ दिवस ती मुंगीच्या झोपेवर जगली. मुंगी निजली की गोंद लावायचा, घासायचं. पॉलिश पेपरचा आवाज थेट 'श्श्श' असा यायचा, त्याने मुंगी उलट गाढच झोपायची. चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या त्या मुंगी जागी असताना, कारण प्रत्येक ठोक्याला ती टाळी वाजवायची. गोंद वाळेपर्यंत दाब द्यायला शिकंजा नव्हता, म्हणून पेटीवर पिठाचा डबा ठेवला आणि त्यावर नवऱ्याची परीक्षेची पुस्तकं. पुस्तकं पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली.

भिंत ठरलेली होती: आतल्या खोलीतली, सिस्टरांच्या बाजूची.

सिस्टर म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या बाई. पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त होऊन कितीक वर्षं झाली तरी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. दोन्ही घरं मूळची एकच, त्यांचीच. त्यांच्या यजमानांनी मधे भिंत घातली आणि अर्धं घर भाड्याने द्यायला काढलं. यजमान गेले. आता पलीकडे सिस्टर आणि त्यांची लेक, दोघीच. लेक विमा कचेरीत कामाला. नऊला जायची, सहाला यायची. आणि सिस्टरांची फुप्फुसं थकल्यापासून त्या दोघींच्या घरात तिसरं एक बिऱ्हाड होतं, ते म्हणजे ऑक्सिजनचं मशीन. रात्रंदिवस ते चालायचं. घर्रर्र, फुस्स. घर्रर्र, फुस्स. त्यातून एक लांब पारदर्शक नळी सिस्टरांच्या नाकापर्यंत.

सिस्टरांनीच तिला एकदा हसत सांगितलं होतं, नळी काढून गप्प बसले तर निभतं थोडा वेळ. चालले की संपलं. दहा पावलांत ओठ निळे होतात, लिपस्टिकचा खर्च वाचतो.

फळी ठोकायची परवानगी तिने आठवड्यापूर्वीच लेकीकडे मागितली होती. लेक दारात उभी राहून पर्समध्ये किल्ल्या शोधत होती. म्हणाली, ठोक खुशाल, तुझंच घर समज. आणि त्या दिवशी सकाळी ती सिस्टरांनाही सांगून आली की दुपारी जरा आवाज होईल. सिस्टर म्हणाल्या, अगं, पस्तीस वर्षं बायकांचं ओरडणं ऐकलं, तुझ्या ड्रिलचं काय घेऊन बसलीस.

दुपारी दोनला मुंगी झोपली. पुढच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर, चारी बाजूंनी उशांचा कोट करून. आईने आतल्या खोलीत भिंतीवर लेव्हलची बाटली धरली, बुडबुडा मधोमध आणला, रेघ मारली, आणि पट्टीतून चार खुणा केल्या. मग मामाचा नियम. भिंतीला हात लावायचा तर आधी घराचा मेन स्विच पाडायचा. मामाच्या एका गड्याचा अंगठा त्याशिवाय गेला होता आणि तो अंगठा मामा तिला दर सुट्टीत एकदा तरी ऐकवायचा. तिने मेन पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, घर एकदम बहिरं झालं. त्या शांततेत पलीकडचं मशीन कधी नव्हे इतकं स्वच्छ ऐकू यायला लागलं. घर्रर्र, फुस्स. तिला बरं वाटलं. सोबत असल्यासारखं. आणि आपण किती जपून काम करतो, याचं थोडं कौतुकही.

पहिलं भोक. वरचा पांढरा चुना, मग विटेची लाल भुकटी. दुसरं. तिथे वीट टणक निघाली. तिने खांदा लावून मशीन दाबलं आणि दात आवळून सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ते आत गेलं. तिसरं लोण्यासारखं. दर भोकानंतर ती थांबून मुंगीचा कानोसा घ्यायची. मुंगी झोपलेली. मशीन चालू. घर्रर्र, फुस्स.

चौथ्या भोकात ड्रिल बोटभर आत गेलं आणि काहीतरी मऊ लागलं. लाकूड नाही, वीट नाही. तिचा हात थांबायच्या आत भिंतीतून एक निळापांढरा लोळ आला आणि जवळच कुणीतरी थोबाडीत मारावी तसा आवाज झाला.

ती दोन पावलं मागे पडली. मशीन भिंतीतच लटकत राहिलं. भोकाभोवती तळहाताएवढा काळा डाग उठला होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास नाकात चढत होता. तिला काही लागलं नव्हतं. डोक्यात एकच वेडगळ प्रश्न फिरत होता: मी तर लाइट बंद केली होती. मग ही आली कुठून?

आणि मग तिला ती शांतता ऐकू आली.

घर्रर्र नव्हतं. फुस्स नव्हतं.

भिंतीपलीकडून एक बारीक, लांबलचक शिट्टी सुरू झाली, थांबेचना. मशीनची वीज गेली की ते अशीच शिट्टी देतं, हे तिला माहीत होतं. मागे एकदा सगळ्या रस्त्याची लाइट गेली तेव्हा ती ऐकली होती. तेव्हा लेक घरात होती. आता नव्हती. मेन तिने पाडला होता तो आपल्या घराचा. भिंत दोन घरांची होती.

ती तशीच उभी राहिली. पाय हलेनात. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. आणि तेवढ्यात ती शिट्टीही थांबली. आपोआप थांबणारी शिट्टी नव्हती ती. मशीन तरी मेलं होतं, नाहीतर... त्या 'नाहीतर'च्या पुढे तिला जाववेना.

मग भिंतीवर पलीकडून दोन ठोके पडले. धप. धप. अगदी अशक्त, कुणीतरी मुठीने मारल्यासारखे. थोडं थांबून पुन्हा एक. मग काहीच नाही.

बोलवतायत मला, ती मनात म्हणाली. जीव जातोय आणि मला बोलवतायत.

आता पाय सुटले. ती पुढच्या खोलीत धावली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली, कारण आत जमिनीवर स्क्रू होते, चुका होत्या, आणि मुंगी नावाची मुंगी होती. झोपलेलं पोर तिने खांद्यावर टाकलं, पायात सपाता सरकवल्या आणि जिन्याच्या चौकात आली. सिस्टरांच्या दाराची बेल दाबली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना तिच्या लक्षात आलं की बेल वाजत नाही, आणि ती कुणामुळे वाजत नाही.

तिने दारावर हात मारला. मूठ मारली. कुलूप आपोआप लागणारं होतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडणारं नव्हतं, आणि किल्ली विमा कचेरीत, पर्समध्ये होती. खालच्या मजल्यावर दोन्ही घरं कामावर गेलेली. मुंगी दचकून जागी झाली आणि तिने टाहो फोडला. आई एका हाताने तिला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने दार बडवत होती, आणि मनातल्या मनात पावलं मोजत होती. पलंगापासून दारापर्यंत किती? पलंगाला वळसा, खोलीचं दार, बोळ, चपलांचा स्टँड. वीस तरी. दहा पावलांत ओठ निळे. त्या उठणार नाहीत, उठू नयेत, पडून राहावं त्यांनी. आणि त्या उठल्या नाहीत तर दार कोण उघडणार? फोन आत राहिला होता. फोन आणायला जावं तर दार सोडावं लागत होतं. फळीसाठी, तिच्या मनात आलं. एका फळीसाठी मी माणूस मारलं.

दाराच्या आत काहीतरी घासलं. खालच्या बाजूला. कुलपाचा खटका अर्धा फिरला, परत आला, पुन्हा फिरला.

दार उघडलं तेव्हा सिस्टर चपलांच्या स्टँडला धरून गुडघ्यांवर होत्या. नाकात नळी नव्हती. ओठ जांभळाच्या रंगाचे, खांदे वर-खाली होत होते आणि गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. त्यांनी आधी मुंगीकडे पाहिलं, ती भोकाड पसरून रडत होती. मग आईकडे. आणि एकेक शब्द वेगळा तोडत म्हणाल्या, "हात. दाखव. तुझे."

तिला कळेना. सिस्टरांनी तिचा मोकळा हात धरला, उलटा केला, तळवा पाहिला, बोटांची टोकं पाहिली. मग दुसरा हात. भाजलं नव्हतं, काळं पडलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

नंतर, बोलता यायला लागल्यावर, त्यांनी सगळं सांगितलं. डोक्यापाशी ड्रिल चाललं होतं, मग फाटकन आवाज झाला, मशीन गेलं, आणि पलीकडे चिडीचूप. बाई ओरडली नाही, पोर रडलं नाही. वॉर्डात आम्ही ओरडणारीला भीत नसू, गप्प झालेलीला भ्यायचो, सिस्टर म्हणाल्या. शिट्टी बंद केली ती त्यांनीच, पलीकडचं ऐकू यावं म्हणून. भिंतीवर ठोकलं ते आहेस का हे विचारायला. उत्तर आलं नाही तेव्हा नळी काढली, कारण नळी बोळापर्यंत पुरत नव्हती, आणि भिंतीला धरून निघाल्या. लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पोर एकटं आहे आणि आई विजेला चिकटली आहे, एवढंच मनात होतं.

पण हे नंतर. तेव्हा त्या बोळात भिंतीला टेकून मासळीसारखं तोंड उघडत-मिटत होत्या. तिने मुंगीला सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. दुसरी जागाच नव्हती. मुंगी गप्प झाली आणि सिस्टरांच्या गाऊनचं बटण तोंडात घ्यायला लागली. आई खोलीत पळाली. सिलिंडर तिच्या छातीइतका उंच, लोखंडी, गळ्यात दोरीने किल्ली बांधलेली. तो तिने कवटाळून, तिरपा करून, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत बोळात आणला. किल्ली लावली, फिरवली, ढिम्म हलेना. सिस्टरांनी बोट उचलून हवेत डावीकडे वळवलं. तिने डावीकडे वळवलं. फस्सकन वारा सुटला. सिस्टरांनी दोन बोटं दाखवली. तिने काचेच्या नळीतला गोळा दोनच्या रेघेवर आणला आणि नळी त्यांच्या नाकाला लावली. लावताना एकदा उलटी लावली.

मग तिची नजर सिलिंडरच्या तबकडीवर गेली. काटा लाल पट्ट्याच्या काठावर होता. सिस्टरांनीही पाहिला. नवा सिलिंडर उद्या येणार होता.

किती वेळ, तिने विचारलं. सिस्टरांनी पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दहा मिनिटं. कदाचित पंधरा.

सिस्टरांच्या घरातला मेनचा खटका तिने वर करून पाहिला. तो चट्‌कन पुन्हा पडला, आणि त्याबरोबर तीच दचकून दोन हात मागे उडाली. तार आत भिंतीत कुठेतरी उघडी पडली होती, ती आता काही ऐकणार नव्हती. राहिला एकच मार्ग. तिच्या घरातून लांब वायरीचा बोर्ड आणायचा, मशीन त्यावर लावायचं. त्यासाठी तिच्या घराचा मेन वर करायला हवा होता.

ती मेन स्विचसमोर जाऊन उभी राहिली आणि तिथे तिला खरी भीती भेटली. आतापर्यंतची धावती होती. ही समोर उभी राहून डोळ्यांत बघणारी. जळलं ते सिस्टरांचंच, असं कशावरून? आपलीही तार तिथेच गुंतली असेल तर? खटका वर केला आणि भिंत पेटली तर? बोळात एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर आपलं पोर. ड्रिल मशीन अजून भिंतीतच होतं. ते तिने आधी उपसून काढलं. टोक वितळून वाकलं होतं. पायात रबरी सपाता होत्या, त्यांचे तळवे तिने कोरडे आहेत ना ते चाचपून पाहिलं. मग फळीची ती लाकडी पट्टी उचलली, आठ दिवस घासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्या टोकाने, तोंड फिरवून, हात लांब करून मेन वर ढकलला.

पंखा फिरायला लागला. फ्रिजने उचकी दिली. भिंत तशीच राहिली, काळी आणि गप्प.

वायर चौक ओलांडून सिस्टरांच्या दारापर्यंत आली आणि तिथे संपली. मशीन चाकांवरचं होतं. ते ओढत दारापर्यंत आणलं. बटण दाबलं. एक क्षण काही नाही. मग घर्रर्र. मग, फार उशिराने, फुस्स. सिलिंडरचा काटा तोवर लाल पट्ट्यात आत शिरला होता.

सिस्टरांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर त्यावर एक्क्याऐंशी आकडा. दोघी त्या आकड्याकडे बघत बसल्या, एकीच्या मांडीवर मुंगी आणि दुसरीच्या मांडीवर काही नाही. त्र्याऐंशी. पुन्हा ब्याऐंशी. आई जमिनीवर बसून आपणच श्वास ओढत होती, जणू तिने ओढला की पलीकडे पोचणार होता. सत्त्याऐंशी झाले तेव्हा सिस्टर म्हणाल्या की या पोरीने बटण गिळलं नाही तर आज सगळं भागलं. बटण खरंच सुटलं होतं. आईने मुंगीच्या तोंडात बोट घालून ते काढलं आणि तिला एकदम रडू फुटलं, असं की आवाजच येईना.

लेकीला फोन करायचा होता. सिस्टरांनी तिचं मनगट धरलं आणि सांगितलं, लाइट गेली म्हण. आधी माणूस सावरायचं, खरं नंतर सांगायचं, वॉर्डात असंच करत होतो आम्ही. तिला ते इतकं पटलं की तिने मनात वाक्य तयारही केलं. पलीकडून लेकीचा आवाज आला, आणि तिच्या तोंडून निघालं, "ताई, मी भिंतीत ड्रिल मारलं आणि तुमची तार तोडली. सिस्टरांचं मशीन बंद पडलं होतं. आता चालू आहे."

लेकीने आधी आकडा विचारला. नव्वद, तिने सांगितलं. ओठ? तिने पाहून सांगितलं, आता बरे आहेत. लेक म्हणाली, निघते, आणि फोन ठेवला. नवऱ्यालाही फोन केला. तो विचारत राहिला, तू बरी आहेस ना, मुंगी बरी आहे ना, आणि ती हो हो म्हणत राहिली. वायरमन म्हणाला, साडेपाचपर्यंत येतो, तोवर कशाला हात लावू नका. हे त्याने सांगायची गरज नव्हती.

लेक यायला पाऊण तास लागला, तो तिला फार लांब गेला. तिने सिस्टरांना दारातच खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली, मुंगीला पाजलं, आणि वायरीवरून नजर काही हलवली नाही. एवढीशी पांढरी वायर, चौकातून आडवी गेलेली. कुणाचा पाय अडकला तर? मधेच लाइट गेली तर? आकडा ब्याण्णववर टेकला होता. सिस्टरांचा डोळा लागला की ती त्यांच्या छातीकडे बघायची, उघडला की आकड्याकडे. लेक आल्यावर काय म्हणेल, याची तिने दहा वाक्यं करून पाहिली होती. घर सोड, हे त्यातलं सगळ्यात मवाळ.

लेक जिना चढून आली तेव्हा घामाने निथळत होती. वायर ओलांडून ती आधी सिस्टरांपाशी वाकली, कपाळाला हात लावला, बोटावरचा आकडा वाचला, ओठ निरखले. सिस्टर म्हणाल्या, अशी बघतेस काय, मला कुणी बाळंत करायला नेलेलं नाही. लेक हसली नाही. ती उठली आणि समोरच्या उघड्या दारातून आत गेली, आतल्या खोलीत, थेट त्या भिंतीपाशी. आई मुंगीला घेऊन तिच्या मागे.

जमिनीवर लाल भुकटी, स्क्रू, वाकडं झालेलं ड्रिलचं टोक, आणि भिंतीशी टेकून उभी केलेली पेटी. लेकीने चौथ्या भोकाभोवतालच्या काळ्या डागाला बोट लावलं. बोट काळं झालं.

"ही वायर इथे आहे, हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

भिंत घातली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पलीकडे कपाट यायचं होतं म्हणून वडिलांनी तार या बाजूने घालायला लावली. गवंड्यांना चहा नेऊन देता देता तिने ते काम डोळ्यांनी पाहिलं होतं. आठवड्यापूर्वी, किल्ल्या शोधता शोधता, ठोक खुशाल म्हणताना, तिला त्यातलं काहीही आठवलं नव्हतं. फोन आला आणि सगळं आठवलं. रिक्षात बसल्यापासून, ती म्हणाली, तेच डोळ्यांपुढे आहे, वर छताजवळ गवंडी आणि हातात तारेची काळी नळी. तुला बोलायला मला तोंड कुठे आहे?

बोलत असती तर बरं, असं आईला वाटलं.

लेकीने पर्समधून लाल पेन काढलं. खुर्ची ओढली, वर चढली आणि छताच्या खाली भिंतीवर टोक टेकवलं. तिथून ती रेघ ओढत खाली आली, हळूहळू, आठवत आठवत. रेघ सरळ नव्हती. वरून ती दुसऱ्या भोकाच्या दिशेने तिरकी उतरली आणि त्याच्यापासून एका बोटावरून गेली. आईने ते भोक पाहिलं, जिथे वीट टणक निघाली होती आणि तिने खांदा लावून सगळा भार टाकला होता. रेघ पुढे वळली, चौथ्या भोकातून गेली, खिडकीकडे झुकली, मग खाली. कंबरेइतकी. गुडघ्याइतकी. लेक आता जमिनीवर बसली होती.

तिथे पेन थांबलं. त्याच्या टोकाखाली भिंतीवर मळकट, छोट्या छोट्या तळव्यांचे ठसे होते, एकावर एक. मुंगी रोज सकाळी तिथेच भिंतीला हात टेकून उभी राहायची. लेकीने पेन थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे आणलं आणि उचललं.

"इथून पुढे मला आठवत नाही," ती म्हणाली.

पलीकडचा खटका पडलेलाच होता, त्या तारेत आता जीव नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी आईने मुंगीला एका हाताने घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने तिची भिंतीलगतची दुपट्यांची टोपली खोलीच्या मधोमध ओढायला सुरुवात केली. लेक उठली आणि तिने टोपलीचं दुसरं टोक धरलं.